दसरूची निवड

दसरूविषयी लिहायचे मी सहा वर्षे टाळत आलो. गावात कोणी त्याचे नाव काढले की मी बोलणे पिकापाण्याकडे वळवायचो. आता माझी पंच्याहत्तरी उलटली आणि तोही राहिला नाही. ज्यांनी त्याला पाहिले नाही त्यांना तो कसा होता हे सांगायचे आहे. आणि त्याच्याविषयी जे खोटे पसरले ते कोणामुळे, हेही.

आमची ओळख झाली ती त्याने मला चिखलात फेकले तेव्हा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्या गावी मी शाळेवर नवाच रुजू झालो होतो. आवारातल्या कडुनिंबावर चढून दसरू एक वाळलेली फांदी कुऱ्हाडीने तोडत होता आणि मी खाली उभा राहून त्याला सूचना देत होतो. फांदी करकरली. तो धपकन खाली उडी मारून आला, माझी मानगूट धरली आणि मला भिरकावले. मी शिवी द्यायला तोंड उघडले तोच माझ्या जागी मांडीएवढी फांदी आदळली. "झाडाले डोळे नसतात, गुरुजी," तो म्हणाला. "तुमाले त हायेत न?" आणि पुन्हा वर चढला.

पंचक्रोशीत झाड पाडायचे तर दसरूच. माणूस तापट, हात त्याहून तापट. एकदा त्याच्या मेहुण्याने कुऱ्हाड पाते वर करून भिंतीला टेकवली होती. दसरूने त्याच्या अशी थोबाडीत दिली की त्याचा दात हातात आला. "पातं आभाळाकडं ठेवतेस? देवाले कापाचा हाय का बे?" मेहुणा महिनाभर घरी आला नाही. आला तेव्हा कुऱ्हाड नीट आडवी ठेवून मगच जेवायला बसला.

त्याचा एक नियम मात्र तो कधी मोडत नसे. झाडाला हात लावण्याआधी तो मालकाला विचारायचा, "लोखंड हाय का यात?" आमच्याकडे झाडांत काय काय ठोकलेले असते! कुंपणाची तार, कपड्यांच्या दोरीचे हूक आणि भूत बांधायचे खिळे. साल वाढली की सगळे आत गडप होते. मांत्रिकाचे खिळे असलेल्या झाडाला इतर मजूर हात लावत नसत. दसरू हसायचा. "भुताचं मी पाह्यतो. खिळ्याचं तुमी सांगा."

निवृत्तीनंतर मी शेती पाहू लागलो. एका वादळात माझ्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, भलामोठा बेहडा उन्मळून धानाच्या जमिनीत आडवा झाला. पेरणी तोंडावर होती. कुऱ्हाडीने महिना गेला असता आणि दसरूचीही साठी उलटली होती. म्हणून आम्ही दोघे रेल्वेने गोंदियाला गेलो, साखळीने लाकूड कापायची मशीन घ्यायला.

साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी मला सगळ्यांत लांब हवी होती. गावात कोणाकडेच तशी नव्हती. दसरूने एकेक मशीन उचलली, हात लांब करून धरली, मनगट थरथरू लागेपर्यंत धरून ठेवली. दुकानदार कंटाळला. "चाचा, मशीन ले रहे हो या बहू देख रहे हो?"

"बहू बिगडली त भांडन होते सेठ," दसरू म्हणाला. "हे बिगडली त मुंडकं जाते."

शेवटी त्याने आखूड पट्टीची एक निवडली. तिच्या मुठीपुढे एक आडवी कडी होती. मशीन उसळली की मनगट त्या कडीवर आदळते आणि साखळी जागच्या जागी थांबते. मी लांब पट्टीचीच धरून बसलो तेव्हा तो भर दुकानात ओरडला, "मंग तुमीच चालवा न! माहा गळा कायले मांगता?" मी पैसे काढले आणि त्याची निवड घेतली. येताना गाडीत ते खोके त्याने मांडीवरून खाली ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बेहड्याभोवती दहा-बारा माणसे मशीन पाहायला जमली. त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी. दसरूने नियमाप्रमाणे विचारले, "गुरुजी, लोखंड?"

त्या बेहड्यात पाच खिळे होते. माझ्या बायकोचे दुसरे मूल पोटातच गेले तेव्हा मी मांत्रिकाला आणले होते आणि त्याने सांगितल्यावर हातोडी घेऊन पाचही खिळे मीच ठोकले होते. आणि याच विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो की भूतबीत काही नसते, खिळे ठोकणारा अडाणी.

"नाही," मी म्हणालो.

"आठवून सांगजा. घाई नाई."

"नाही म्हटलं ना, दसरू! कर सुरू."

त्याने सुरू केली. तिसऱ्या कापाला ठिणगी उडाली, साखळीचा दात तुटल्याचा कर्कश आवाज आला आणि मशीन उसळून त्याच्या तोंडावर गेली. जबडा फुटला, गळ्याखालचे हाड उघडे पडले, डावा खांदा फाटला. रक्त माझ्या चष्म्यापर्यंत उडाले. मनगट कडीवर आदळले आणि साखळी मानेपासून दोन बोटांवर थांबली. त्याची निवड नसती तर तो तिथेच गेला असता.

माणसे त्याला ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेली. मी मागे राहिलो. छिन्नीने उरलेले खिळे उपटले, तुटकी साखळीही काढली आणि सगळे जवळच्या बोडीत, त्या लहान तळ्याच्या पाण्यात फेकले. मग दवाखान्यात गेलो. दारात सरपंचाने विचारले, "गुरुजी, झालं कसं?" मी म्हणालो, "काय सांगू? मशीन त्यानंच निवडली होती."

एवढेच वाक्य. पण गावाला ते पुरले. दसरूने खराब मशीन घेतली, दसरूला आता समजत नाही. डावा हात कायमचा लटकला होता, तरी तो नुसता सल्ला द्यायला कुठेही गेला असता. कोणी बोलावलेच नाही. पोरे त्याच्यासमोर पाते वर करून कुऱ्हाडी टेकवू लागली आणि तो पाहत राहायचा.

मागच्या चैत्रात तो अंथरुणाला खिळल्याचे कळले. मी गेलो. मनात वाक्ये पाठ करून गेलो होतो. त्याची बायको सगुणा हिने बाजेजवळ खुर्ची ठेवली. वाकड्या जबड्यातून त्याचे शब्द घरंगळत येत.

"लोक मशीनले नावं ठेवतेत, गुरुजी. मशीन चांगली होती."

"हो," मी म्हणालो.

"मले ठिनगी दिसल्यावानी वाटली होती. पन तुमी त नाई म्हटलं होतं. मंग माह्याच हातानं काई चुकलं असन. सहा वर्सं तेच इचार करून राहिलो, का चुकलं कुठं?"

सगुणा चहा घेऊन आली. मी तो प्यालो. बशी खाली ठेवली, "जप रे" म्हटले आणि उठलो. चौथ्या दिवशी तो गेला.

पाठ करून नेलेली वाक्ये ही होती: दसरू, तुझ्या हाताचं काही चुकलं नाही. त्या झाडात पाच खिळे होते. ते मी ठोकले होते आणि तू विचारलंस तेव्हा मला ते आठवत होते. मला माफ कर.