नळी आणि आरसा

झोपेत श्वास अडकायचा म्हणून डॉक्टरांनी माझ्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. झोप सुधारली, पण बोलायचं तर नळीवर बोट ठेवावं लागतं, आणि न्हाव्याचे दोन्ही हात कामात. गिऱ्हाइकांचं डोकं खाणारा मी मुका झालो. वर नळी लपवायला मफलर!

परवा हेडमास्तरांचे केस कापताना मफलर सरकला, बारीक केस नळीत गेले. असा खोकलो की नळीतून कफ थेट आरशावर उडाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर उठले, स्वतःच्या गळ्यातल्या टॉवेलानं आरसा पुसला आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"कल्ले राहिलेत," एवढंच म्हणाले.

मी कात्री उचलली. पण त्या लख्ख आरशात त्यांच्या नजरेला नजर देता येईना.