बुडावरचा फराटा

वेल्डा स्टॉट्सला जाऊन या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. तिच्याविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. पण टॅनहिल पॉटरीत काम केलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि उरलेल्यांत हातात पेन धरता येणारा बहुधा मीच आहे. मी भट्टीवर होतो. भांडी आत लावायची आणि निवली की बाहेर काढायची. त्यापलीकडे मला काही कळतं असा माझा दावा नाही.

वेल्डाचं काम सफाईचं. साच्यातून निघालेल्या ओल्या भांड्याला दोन्ही अंगांनी जोडाची रेघ असते. ती पातळ सुरीनं खरवडायची, मग भांडं ओल्या स्पंजनं पुसायचं आणि शेवटी उलटं करून बुडावर स्पंजाचा एक हात फिरवायचा. बावीस वर्षं तिनं हेच केलं. पुढे सदुसष्ट साली पॉटरी बंद पडली आणि ती शाळेच्या भटारखान्यात कामाला लागली.

दोन-तीन वर्षांनी कोलंबस आणि क्लीव्हलँडकडून जुनी भांडी जमवणारी माणसं गाड्या घेऊन आमच्या हॅरो क्रीकमध्ये यायला लागली. आम्ही ज्या कुंड्यांत कोंबड्यांना पाणी ठेवायचो, त्या ती उचलून नेत. शिक्का असलेलं भांडं कुणालाही ओळखता यायचं. पण टॅनहिलची अर्धी भांडी नुसती कागदी चिठ्ठी लावून जायची आणि ती चिठ्ठी पहिल्या धुण्यातच निघायची. मग ओळखायचं कुणी? लोक वेल्डाकडे यायला लागले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात ती एक टेबल आणि जुना टॉवेल घेऊन बसायची. पैसे घ्यायची नाही. फार तर कुणी आणलेल्या ॲपल-पायचा तुकडा खायची.

भांडं हातात आलं की ती आधी डोळे मिटून वजन घ्यायची. मग नखानं टिचकी. आवाज भद्द आला की म्हणायची, "तडा आहे, शोधा." मग जिथे चकाकी चढलेली नाही तिथली माती बघायची. आमची माती मक्याच्या ताज्या पावासारखी पिवळसर, नदीपलीकडच्या कारखान्याची पांढरी.

एकदा एकजण तीन फुलदाण्या घेऊन आला. बुडावर ठसठशीत शिक्का.

"यात आणखी काय बघायचं?" तो म्हणाला. "नाव लिहिलंय की."

"नाव तर माझ्या नवऱ्याच्या शर्टावरही असायचं," वेल्डा म्हणाली. "पेट्रोल पंपावरच्या दुसऱ्याच कुणाचं. या बोटभर बुटक्या आहेत. जुन्या भांड्यावरून साचा काढला आणि माती भाजताना आकसली. परत करा, साहेब."

त्यानं त्या परत केल्या. वेल्डा म्हणाली म्हणजे विषय संपला, अशी तिची पत होती. आता जे सांगणार आहे ते तिच्या शब्दाच्या या वजनाबद्दलच आहे.

एकाहत्तर साली पॉटरीचं गोदाम रिकामं करताना मागच्या फळीवर नऊ फुलदाण्या सापडल्या होत्या. ना शिक्का, ना सही. शेताच्या कडेला रुईसारखं एक झुडूप वाढतं, त्याची तडकलेली बोंडं त्यांच्यावर रंगवली होती आणि बोंडांतून कापसाच्या म्हाताऱ्या उडत होत्या. इतक्या हलक्या, की फुंकर घालायची भीती वाटावी. त्या दिवशी गोदामात पन्नासेक माणसं असतील. सगळ्यांनी वेल्डाकडे पाहिलं. तिनं एक फुलदाणी उजेडात धरली आणि म्हणाली, "मिस्टर क्रेल. दुसरं कोण?"

अँब्रोज क्रेल हा आमचा मुख्य चित्रकार. तो तोपर्यंत वारला होता. वेल्डाच्या शब्दावर त्या नऊ फुलदाण्या त्याच्या नावानं संग्राहकांच्या पुस्तकात गेल्या, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही त्यांतलीच एक आली.

सव्वीस वर्षांनी, सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, मार्ला थार्प तळघरात आली. तिची आई ओनेटा मार्चमध्ये गेली होती. ओनेटा आणि वेल्डा सफाईच्या बाकावर चौदा वर्षं शेजारी बसत. मी त्या दिवशी खुर्च्या लावायला गेलो होतो, म्हणून हे मी पाहिलं.

मार्लानं पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक कप काढला. "वेल्डामावशी, आई गोळ्या घ्यायची तो हा. फेकवत नाही आणि ठेवला तर कशासाठी, तेही कळत नाही. काही आहे का यात?"

वेल्डानं कप घेतला. वजन, टिचकी, माती. "आपल्याकडचाच आहे. शिक्का नाही. जेवणाच्या सुट्टीतलं काम."

जेवणाच्या सुट्टीत कुणी स्वतःसाठी एखादी वस्तू केली तर फोरमन काणाडोळा करायचा. अट एकच. कंपनीचा शिक्का नको आणि स्वतःचं नावही नको. लोक बेडूक करत, पैशांचे गल्ले करत, नातवाला कप करत. मी ते मोठ्या भांड्यांच्या मधल्या फटीत ठेवून भाजून द्यायचो.

"वर बोंड काढलंय बघा," मार्ला म्हणाली. "त्या पुस्तकातल्यासारखं. आईला मिस्टर क्रेलनी दिला असेल का हो?"

"क्रेल? तो आम्हाला कधी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचा नाही. फुलदाण्या बघून तिनं उतरवलं असेल. घरी ठेव, बाळा. आईची आठवण आहे."

मार्ला बरं म्हणाली. कप परत घ्यायला तिनं डावा हात पुढे केला. वेल्डानं कप सोडला नाही.

"तू डावखुरी आहेस?"

"आईवर गेलेय. का?"

वेल्डानं कप उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा फिरवला. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना.

"ऑर्विल," ती मला म्हणाली, "फोरमन बूड बघून काय सांगायचा?"

"खोट कुणाची ते," मी म्हणालो.

ते खरंच होतं. प्रत्येकीचा स्पंज बुडावर वेगळा फराटा सोडतो. सुकला, भाजला तरी तो राहतो. भांड्याला चीर गेली की फोरमन ते उलटं करून सांगायचा कुणाची मजुरी कापायची. आम्ही बूड वाचायचो ते दोष द्यायला. सुंदर भांडं हातात आलं तर कुणी उलटं करून असा विचार केला नाही, की हे कुणी पुसलं असेल. वेल्डानं तर नाहीच केला. शिक्का शोधायला ती रोज बूड बघायची, पण फराट्यावर तिची नजर थांबायची नाही. तिच्या लेखी ते सफाईवालीचं काम होतं, म्हणजे तिचं स्वतःचं.

"ओनेटाचा फराटा उलटा जायचा," वेल्डा म्हणाली. "कोपर लागायचं म्हणून तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं होतं. त्या नऊ फुलदाण्यांची बुडं मी अशी कधी वाचलीच नाहीत." मग मार्लाकडे वळून म्हणाली, "हा कप मला जुलैपर्यंत देशील? कशासाठी ते आत्ता विचारू नकोस."

मार्लानं कप तिच्याकडेच राहू दिला.

मी वेल्डाला गाडीनं घरी सोडायला गेलो. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "त्या दिवशी ओनेटा गोदामात होती. दाराशी, कोट घालून. मी क्रेल म्हणाले तेव्हा तिनं विचारलं, 'तुझी खात्री आहे, वेल्डा?' मी म्हणाले, 'त्याच्याशिवाय कुणाला जमणार गं?' तिनं कोटाची बटणं लावली आणि गेली."

"पण तिनं सांगायचं तरी," मी म्हणालो.

"पन्नास माणसांत? मी तसं म्हणाल्यावर? तू सांगितलं असतंस?"

मी सांगितलं नसतं. मीच त्या फुलदाण्या भट्टीत लावल्या असणार. क्रेलच्या भांड्यांमागे फळीवर ठेवलेलं ते क्रेलचंच, असं मी धरून चाललो असेन. वेल्डाची चूक माझ्याकडूनही झाली असावी.

दर जुलैत आमच्याकडे पॉटरीचा मेळा भरतो. त्या वर्षी नऊपैकी सात फुलदाण्या टाउन हॉलमध्ये एका टेबलावर मांडायच्या होत्या. पाच तर लाइल प्रिचर्डच्याच होत्या. हा निवृत्त दंतवैद्य, संग्राहक मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. मांडणीच्या सकाळी वेल्डा पांढरे हातमोजे घालून त्या टेबलापाशी गेली.

"लाइल, मला या उलट्या करून बघायच्या आहेत."

"वेल्डाबाई, सव्वीस वर्षांत तुम्ही त्या शंभरदा बघितल्यात."

"हो, आणि शंभरही वेळा चुकीचं बघितलं."

तिनं पहिली उलटी केली. हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण होतो. पहिल्या बुडावरचा फराटा डावा निघाला. तिनं ती सरळ ठेवून दुसरी घेतली. प्रत्येक फुलदाणी उलटी करण्याआधी ती क्षणभर थांबायची. सातवी खाली ठेवली तेव्हा तिनं हातमोजे काढले.

"या ओनेटा थार्पच्या आहेत."

लाइलनं खाली वाकून पाहिलं. त्याला फराटा दिसला. दंतवैद्याची नजर, बारीक गोष्ट सुटत नाही. "असेल," तो म्हणाला. "बूड तिनं पुसलं, चित्र क्रेलनं काढलं. त्यात काय?"

"क्रेलची भांडी माझ्याशिवाय कुणी पुसायची नाहीत. एकदा दुसरीला दिलं तर त्यानं ते भांडं जमिनीवर टाकलं होतं. त्याच्या असत्या, तर या बुडांवर माझा हात असता." तिनं काढलेले हातमोजे टेबलावर ठेवले. "माझाच हात नाही, एवढंसुद्धा मला दिसलं नाही, लाइल."

मग तिनं कप काढून फुलदाण्यांच्या मधोमध ठेवला. तेच बोंड, तशाच म्हाताऱ्या.

"पुढच्या वर्षी करू या का हे?" लाइल हळू आवाजात म्हणाला. "पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला गेलीय. आणि तुमचाही विचार करतोय मी. लोक म्हणतील, हे चुकलं तर बाकीचंही चुकलं असेल."

"म्हणू देत. मी पण तेच म्हणतेय." तिनं माझ्याकडे बघितलं. "ऑर्विल, मार्ला दहाला येणार आहे. तुझं अक्षर चांगलं आहे. सात कार्डं कर."

माझं अक्षर चांगलं नाही. पण मी लिहिली. 'ओनेटा थार्प, सफाई विभाग. जेवणाच्या सुट्टीत केलेलं काम.' लाइल बघत उभा राहिला. मग त्यानंच क्रेलच्या नावाची छापील कार्डं गोळा केली आणि खिशात घातली.

मार्ला दहाला आली. वेल्डानं तिला टेबलापाशी नेलं आणि लोकांसमोर सगळं सांगितलं, गोदामातल्या कोटाच्या बटणांसकट. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. मार्लानं सातही कार्डं वाचली. प्रत्येकावर एकच मजकूर होता, तरी सातही वाचली.

"आई मार्चमध्ये गेली," ती म्हणाली.

"हो."

"फेब्रुवारीत सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"हो," वेल्डा म्हणाली.

मार्ला दुपारभर तिथेच बसून राहिली. कुणी विचारलं तर सांगायची, ही माझ्या आईची. संध्याकाळी तिनं कप रुमालात गुंडाळला आणि निघाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "मावशी, जेवलात का?" तिनं विचारलं. वेल्डा जेवली नव्हती. मग त्या दोघी चर्चच्या मंडपात कुस्करलेल्या बटाट्यावर चिकन-नूडल्स घेऊन समोरासमोर बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी लांब बसलो होतो.

त्यानंतर शनिवारी तळघरात माणसं कमी यायला लागली. कॉफीच्या रांगेत कुणीतरी म्हणायचं, "म्हातारीनं मुखपृष्ठच चुकवलं," आणि तिला ते ऐकू जायचं. ती टॉवेल पसरून बसायची. कधी फक्त मीच असायचो. भांडं आलंच, तर ती आता वजन घ्यायच्या, टिचकी मारायच्या आधी ते उलटं करायची आणि बुडावरून अंगठा फिरवायची. शिक्का असला तरी. आठवलं तर नाव सांगायची, फ्रीडा, लोला, क्वचित 'मी'. नाही आठवलं तर म्हणायची, "ही कोण होती ते मला माहीत नाही. पण कुणीतरी होती."

मेळ्यात त्या फुलदाण्या अजून मांडतात. एक नेहमी आडवी ठेवलेली असते, बूड लोकांकडे करून. ती पद्धत वेल्डानं घातली. आता मार्ला पाळते.