हुसेनभाईंचा डोंगर

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर परत माझा धीर व्हायचा नाही. हसायचं तर हसा, पण माझ्या विद्यार्थ्यांना कळू देऊ नका.

उभा जन्म मी तांब्याच्या पत्र्यावर डोंगर-झाडं कोरून कागदावर छापली. धाराशिवला मुलांना तेच शिकवलं. पहिल्या तासाला एकच धडा: छाप उलटा उमटतो, उजवं डावीकडं जातं, म्हणून पत्र्यावर चित्र उलटं कोरा. याच विषयावर माझा प्रबंध आहे. लोक डॉक्टर म्हणतात मला. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तर येडशीचे आमचे हुसेनभाई. चाळीस वर्षं माझे केस त्यांनीच कापले, होते तोवर! गेल्या वर्षी ते दुकान बंद करून मुलाकडं पुण्याला निघाले. गालाला वस्तरा लावून म्हणाले, "सर, तिथं समदं हाय म्हणं. फकत आपला डोंगर न्हाय. तेवढा काढून द्या की."

दुकानासमोरचा डोंगर, उजव्या टोकाला एकच झाड. त्यात काय अवघड?

चित्र काढलं, उलटं केलं आणि झोपलो. सकाळी शंका आली, उलटं केलं का आपण? खात्रीसाठी परत उलटं केलं! महिनाभर कोरलं. पहिला छाप उचलून बघतो, तर झाड डावीकडं.

कुणाला सांगणार? बायकोला म्हटलं, शाई बिघडली. पत्रा घासून सपाट केला आणि पुन्हा महिनाभर कोरला. हुसेनभाई निघायच्या आदल्या दिवशी चित्र घेऊन पोचलो. घाईत सापडला तो कागद चित्राभोवती गुंडाळलेला, तो नेमका पहिला फसलेला छाप.

त्यांनी चित्र हातभर लांब धरलं. "लई सुरेख हाय, सर." मग हळूच, "पण हे कुठलं?"

मी बाहेर बोट दाखवतोय, तोवर त्यांनी खाली पडलेला गुंडाळीचा कागद उचलला, मांडीवर सपाट केला आणि बघतच राहिले.

"ह्यो बघा. ह्यो आपला डोंगर."

मी मान वर केली. समोर आरसा. आरशात दार, दारात डोंगर, झाड डावीकडं. चाळीस वर्षं हा माणूस दाराकडं पाठ करून गिऱ्हाइकामागं उभा होता!

आणि मी? त्याच खुर्चीत, त्याच आरशासमोर बसलो. मला त्यात फक्त माझं टक्कल वाढताना दिसलं.

चुरगळलेला छाप पुण्याला गेला. माझं अचूक चित्र त्यांनी जुन्या पेपरात नीट गुंडाळून परत दिलं.

"ऱ्हाऊ द्या, सर. दुसऱ्या कुणाच्या तरी गावाला जुळंल."