धाटाच्या मापाचे स्केट

"सानप बाई, उद्यापासून मैदानावर पाणी मारायचं न्हाई," खाडे सर म्हणाले. खाडे सर आमचे मुख्याध्यापक. मी हातात पाइप धरून उभी होते, आणि पाइपातून तसंही फक्त हवा यायली होती.

"मग खो-खो कसा घेऊ सर? पोरी सूर मारतात. गुडघे फुटतील."

"गावाला टँकर आठवड्यातून एकदा येतोय. तुमच्या मैदानाला पाणी पाजलं तर लोक मला पाणी पाजतील."

त्यांचं खरं होतं. आष्टीकडचा आमचा भाग, पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. शाळा सहकारी साखर कारखान्याची. त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. जो काही ऊस होता तो चारा छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेला. मी या शाळेत अठरा वर्षं पीटी शिकवत होते, आणि माझी पीटी म्हणजे खो-खो. खो-खोच्या मैदानाला रोज संध्याकाळी पाणी शिंपावं लागतं. नाहीतर माती दगडासारखी होते, आणि सूर मारला, म्हणजे पळणाऱ्याला गाठायला अंग झोकून दिलं, की कातडं निघतं.

मी पाइप गुंडाळला. तेवढ्यात सरांनी दुसरं काढलं.

"कारखान्याचं गोदाम रिकामं हाय. साखरच न्हाई तर ठेवणार काय? कोबा कसा गुळगुळीत हाय बघा. चेअरमन म्हणले पोरींना स्केटिंग शिकवू. नगरहून एक मॅडम येणार हायत, मंगळवारी आन् शनवारी."

मंगळवार आणि शनिवार माझे खो-खोचे तास होते.

पल्लवी मॅडम एसटीतून उतरली तेव्हाच मला ती आवडली नाही. चोविशीची, सडपातळ, पाठीला बॅग. गोदामाच्या कोब्यावर तिनं खडूनं एक मोठा गोल काढला. स्केट घातले आणि एका पायावर त्या रेघेवरून अशी फिरली की रेघ जरासुद्धा चुकली नाही. याला फिगर स्केटिंग म्हणतात. बूट उंच, घोट्याच्या वरपर्यंत, खाली पुढं दोन चाकं, मागं दोन, आणि बोटांपाशी एक रबरी बोंडूक, ते ब्रेकचं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी बारदानाच्या थप्पीमागं उभी होते. हो, लपून. खोटं कशाला सांगू?

पोरी तिच्याकडं गेल्या याचं एवढं काही नाही. सुरेखा गेली याचं दुःख झालं. सुरेखा माझी सगळ्यात चांगली खेळाडू. आईबाप ऊसतोडीला, ती वसतिगृहात. तिला चौथीपासून मी घडवलं होतं. ती आठ दिवसांत गोल मारायला लागली आणि मला येऊन सांगते काय, "बाई, लई भारी वाटतं! पल्लवी मॅडम म्हणल्या माझा तोल जन्माचाच हाय."

"जन्माचा? मग मी काय पाच वर्षं गवऱ्या थापल्या काय गं?" मी म्हणाले. पोरगी हसली. मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झालेला.

महिन्याभरानं खाडे सर बोलता बोलता म्हणाले, "आपल्यातलंच कुणी शिकलं तर बाहेरची बाई कावून बोलवायची?"

"मी शिकते," मी म्हणाले.

"तुमी?" सरांनी चष्मा काढला. "बाई, वय काय तुमचं?"

"चव्वेचाळीस. पाय अजून दोन्ही हायत."

मला स्केटिंगची हौस नव्हती. मला पल्लवी मॅडमला एसटीत परत बसवायचं होतं आणि मंगळवार-शनिवार परत घ्यायचे होते. दुष्काळ काय, आज ना उद्या सरणार. पाणी आलं की खो-खो पुन्हा सुरू, असा माझा हिशोब.

आता स्केट घ्यायचे तर माप पाहिजे. पल्लवी मॅडमला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तिच्यापुढं पाय करणार कोण? मी आमच्या गावाकडच्या रीतीनं माप काढलं. आमच्याकडं माणूस बाजाराला जात नाही तेव्हा त्याच्या पायाचं माप जातं. ज्वारीचं धाट तळव्याला लावायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोडायचं आणि जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. दुकानदार ते धाट चपलेत घालून बघतो. त्या वर्षी धाट मिळणंही मुश्कील, कडबा सोन्याच्या मोलाचा झालेला. छावणीतल्या बाईकडून एक मागून आणलं. सकाळी खुर्चीत बसून माप घेतलं आणि बोटभर जास्त ठेवून मोडलं. आमच्याकडं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. कपडे, बूट, सगळं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझा पाय कुठं वाढणार होता, हा विचार मनात आला नाही.

शाळेचे क्लार्क जाधव भाऊसाहेब कामानं नगरला गेले, त्यांच्याकडं धाट दिलं. दुकानदार म्हणे, स्वतः यायला सांगा. भाऊसाहेब म्हणाले, बाई येत नसतात, धाटावर द्या. त्यानं आणखी एक नंबर वाढवून दिला, चावायला नको म्हणून.

पांढरे बूट आले. घरी घालून बघितले. आत पाय इकडून तिकडं फिरायला लागला. मी दोन-दोन मोजे घातले, पुढं कापूस कोंबला आणि लेस करकचून आवळली. म्हटलं, बसले.

शनिवारी खाडे सर बघायला आले. पोरी भिंतीला ओळीनं उभ्या. आधाराला धरलेला गोदामाचा खांब मी सोडला, चार पावलं गेले, आणि डावा बूट सरळ राहिला, आतला पाय मात्र वळला. मी अशी आपटले की गोदामात आवाज घुमला.

एकही पोरगी हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पल्लवी मॅडम आली आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसली. माझी टाच हातात धरली, बुटाच्या मागच्या बाजूनं बोट घातलं. एक गेलं. दुसरंही गेलं.

"मॅडम, माप कुणी घेतलं?"

"दुकानदारानं."

"दुकानदार असं माप घेत नाही," ती हळूच म्हणाली. कापूस काढला, मोजे काढले. "ही टाच मागं घट्ट बसली पाहिजे. टाच उचलली की घोटा गेला. साधा बूट आपण सैल घेतो, स्केट नाही घ्यायचा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघा वाकवला की मागं सरकली पाहिजेत. मोजा एकच, पातळ. लेस बोटांवर सैल, घोट्यापाशी घट्ट."

मग तिनं मला भिंतीला टाच लावून उभं केलं, कागदावर पाय ठेवायला लावला आणि पेन्सिल फिरवली. "माप उभ्यानं घ्यायचं, सगळा भार देऊन. आणि संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतो." दोन्ही पायांचं घेतलं. माझा उजवा थोडा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सर निघून गेले होते. पोरी लांब होत्या. मी विचारलं, "तुला ठाऊक हाय का मी कावून शिकायलेय?"

"सरांनी सांगितलंय. तुम्ही शिकलात की माझं बंद."

"मग?"

"मग काय? मापच चुकलं तर पाय मोडेल तुमचा. ते बघत बसू?"

बाई गं! असं बोलल्यावर माणसानं विरघळावं. मी उलट जास्तच जळले. चांगलं शिकवते ते सहन करत होते, वर चांगली पण निघाली. ते मोठे बूट ती स्वतः एसटीतून नगरला घेऊन गेली, दुकानदाराशी भांडली आणि मंगळवारी बदलून आणले. घातले आणि टाच अशी बसली की बूट पायाचाच झाला. त्या दिवशी मी गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता गेले.

तीन महिने तिनं मला शिकवलं. पुढं जाणं, थांबणं, वळणं, मोठ्या गोलावर एका पायाचा अर्धा फेरा. मला तेवढंच आलं, पण सुरुवातीच्या पोरींना पुरण्यासारखं आलं.

परीक्षा संपल्यावर खाडे सरांनी विचारलं, "घ्याल का तास?"

"घेते."

"लेखी द्या. चेअरमनला दाखवावं लागंल."

मी अर्ज लिहिला. 'स्केटिंगचे तास घेण्यास मी समर्थ आहे' एवढं पुरेसं होतं. पण मनात आलं, एक दिवस मी आणि एक दिवस पल्लवी असं सरांनी केलं तर? सुरेखा तिच्याच दिवशी यायची. मी मध्ये एक शब्द घातला. 'स्केटिंगचे तास पूर्णवेळ घेण्यास मी समर्थ आहे.' खाली ठसठशीत सही केली.

पल्लवी मॅडम जायला निघाली तेव्हा मला एक वही दिली. प्रत्येक पोरीच्या दोन्ही पायांचं माप, नावानिशी. "दर सहा महिन्यांनी नवीन घ्या. त्यांचे पाय वाढतात," ती म्हणाली, आणि एसटीच्या पायरीवर वळून हसली. "तुमचा नाही वाढायचा." धाटाचं तिला कुणी सांगितलं देव जाणे. मी स्टँडवर उभी राहिले. जिंकले होते आणि तोंड कडू झालं होतं.

पुढच्या वर्षी पाणी झालं, पण ऊस उभा राहीपर्यंत गोदाम रिकामंच, म्हणून तास स्केटिंगचेच राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याचा भोंगा वाजला आणि गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागल्या. मी आनंदानं सरांकडं गेले. "सर, गोदाम गेलं. आता खो-खो सुरू करते."

सरांनी फाइल उघडली. "तुमी तर पूर्णवेळ स्केटिंगच्या. चेअरमनला लई आवडलंय तुमचं. रिंक मंजूर केलीय त्यांनी, सिमेंटची. शाळेजवळ सपाट जागा एकच हाय."

"कोणती?" मी विचारलं. मला कळलं होतं तरी विचारलं.

सोमवारी माणसं आली. खो-खोचे दोन्ही खांब उपटले आणि मैदानावर खडी पसरली. मी सरांना म्हणाले, चेअरमनला भेटते, अर्ज मागं घेते. सर म्हणाले, "बाई, पोरींचं कौतुक पेपरात आलंय. आता मागं घेतलं तर लोक शाळेला हसतील." माझीच सही, भांडू कुणाशी?

सुरेखा तेव्हा दहावीला. ती येऊन शेजारी उभी राहिली. खांबांच्या खड्ड्यांकडं बघत होती.

"बाई, ही रिंक तुमीच मागितली का?"

"हो गं," मी म्हणाले.

तिला खो-खो सोडून दोन वर्षं झाली होती, पण तिचे डोळे भरले होते.

निवृत्त होईपर्यंत मी त्या सिमेंटवर स्केटिंग शिकवलं. कुणी प्रौढ माणूस पहिले स्केट घ्यायचे म्हणून सल्ला मागायला येतो, त्याला मी एवढंच सांगते. माप उभ्यानं घ्या, संध्याकाळी घ्या, दोन्ही पायांचं घ्या. आणि कुणाची तरी जागा घ्यायची म्हणून घेत असाल तर घेऊ नका, कारण ती मिळते.