सारख्या उंचीची माणसं

रुक्मिणीअक्कांचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघत होतो. अक्का म्हणजे सुलभाताईंच्या घरमालकीण. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे, कानडी मुलखात, येऊन राहिलेलं, घरात अजून मराठी चालतं, पण अर्धं कानडीत भिजलेलं. "सुलभा गेली रे अप्पा," अक्का म्हणाल्या, "पहाटे जिन्यात बसली ती बसलीच. स्वल्प लवकर ये." मी तसाच रिक्षा पकडून निघालो. हेब्बाळला पाऊण तास अडकलो. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या ताईंच्या गल्लीत पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. कुडाळहून भावाला यायला दुसरा दिवस उजाडला असता, म्हणून त्याला फोनवर विचारून गल्लीतल्या बायकांनीच ताईंना नेलं होतं. दारातली फरशी धुतलेली, ओली होती. शेजारच्या कारखान्यातली यंत्रं नेहमीसारखी खडखडत होती. जमलेल्या बायका मला ओळखत होत्या, पण इतके महिने कुठे होतास, असं एकीनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं…

सहा वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी पुण्याहून इथे आलो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही, असे ते दिवस होते. मराठी माणसं भेटतील म्हणून एका मंडळाच्या गणपतीला गेलो. गाण्यांच्या भेंड्या संपल्या आणि जेवण सुरू व्हायच्या आधी वेळ भरायला म्हणून 'चित्रकथी' असं जाहीर झालं. पन्नाशीच्या आसपासची एक सावळी बाई चित्रांचं बाड घेऊन स्टेजवर येऊन बसली. गोष्टीतला एकेक प्रसंग रंगवलेला कागद उभा धरायचा आणि गात गात ती गोष्ट सांगायची, अशी ही कोकणातली जुनी कला. तिनं दुसरा कागद उचलला तोवर तिकडे पुऱ्यांचा वास सुटला आणि हॉल रिकामा झाला. मला कोणाबरोबर जेवायचं होतं? मी बसून राहिलो. तिनं एका माणसासाठी अख्खी गोष्ट सांगितली, एकही चित्र न गाळता. मग बाड बांधता बांधता विचारलं, "खंयचो तू?"

"पुण्याचा."

"हंय कोण आसा तुजा?"

"कोणी नाही."

"मगे रविवारी ये," ती म्हणाली आणि पत्ता सांगितला.

सुलभाताईंचे वडील कुडाळच्या बाजूचे चित्रकथी. देवळात, जत्रेत चित्रं दाखवायचे. मुलीनं रंग घोटायचे, कागद चिकटवायचे, पण गोष्ट सांगायला बसायचं ते भावानं. भावाला त्यात रस नव्हता, त्यानं दुकान टाकलं. ताईंना मात्र सगळी गाणी चुलीपाशी ऐकून ऐकून पाठ झालेली. लग्न होऊन त्या पीण्याला आल्या. नवरा लेथवर काम करायचा. मूलबाळ झालं नाही. नवरा अचानक गेला तेव्हा माहेरची माणसं न्यायला आली होती, पण त्या गेल्या नाहीत. एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि वाया जाणाऱ्या खोक्यांचे पुठ्ठे घरी आणून त्यांवर चित्रं काढायला लागल्या. आधी वडिलांसारखीच काढली, राम, सीता, रावण. बाजूनं दिसणारे चेहरे आणि त्यात तो एकच मोठा, समोर बघणारा डोळा. मग एके दिवशी सीतेच्या अंगावर कारखान्यातला निळा कोट आला. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "सीता वनवासाक गेली तां सगळ्यांक ठाऊक आसा. ही शिवम्मा रायचूरासून एकटी इली, तां कोण सांगतलो?"

शिवम्मा त्यांच्याच खात्यात कामाला होती. तान्ही मुलगी आईजवळ ठेवून ती इथे आली होती आणि हे तिनं दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. ताईंनी मोडक्यातोडक्या कानडीत तिच्याकडून ते काढून घेतलं आणि चित्र काढलं. बसच्या दारात उभी बाई, आणि मूल कडेवर घेतल्यासारखा वाकलेला तिचा रिकामा हात. पुढच्या रविवारी अक्कांच्या माडीवर ताईंनी ते चित्र उभं धरून गायलं तेव्हा शिवम्मा खूप रडली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आणखी चार बायकांना घेऊन आली. मग ते रविवार सुरूच राहिले. दुपारी जमायचं, पेज आणि सुकटीची चटणी खायची, कोणीतरी आपण या गावात कसे आलो ते सांगायचं. कोणी बिहारचा वेल्डर, कोणी हासनची नर्स. ताई मालवणीत गायच्या, मध्येच कानडी, मध्येच हिंदी. कोणाचं काही अडायचं नाही. मारतहळ्ळीहून दोन बस बदलून मी जायचो, आणि येताना मला परत माणसात आल्यासारखं वाटायचं.

आता जे सांगायचंय ते मला सोपं नाही. आमच्या ऑफिसात दर्शनी भिंतीवर चित्र काढून घ्यायचं ठरलं तेव्हा ताईंचं नाव मीच सुचवलं. त्या महिनाभर रजा घेऊन आल्या. कधी पाण्याची बाटली भरून द्यायला खाली जायचो तर त्या वॉचमनशी, कॅन्टीनमधल्या बायकांशी बोलत बसलेल्या असायच्या. भिंतीवर एक रांग तयार झाली. झाडूवाली, वॉचमन, आमच्यासारखे लॅपटॉपवाले, डबे वाहणारा. सगळे आपापल्या गावाहून निघालेले, सगळे एकाच उंचीचे, सगळ्यांना तोच मोठा डोळा. साहेबांनी मीटिंग बोलावली. इंजिनिअर मध्यभागी मोठे घ्या, बाकीचे मागे लहान करा, असं म्हणाले. ताईंना इंग्रजी येत नव्हतं, सांगायचं काम माझ्यावर. मी म्हणालो, "ताई, थोडा बदल करायला सांगतायत."

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मोठो कोण नि बारको कोण, ह्यां मी कित्याक ठरवू?"

हे मी इंग्रजीत सांगितलंच नाही. "त्या विचार करतील," असं सांगितलं. पगारवाढीचे दिवस होते. ताईंना शब्द कळले नसतील, पण माझा चेहरा कळला. त्यांनी ब्रश धुतले, पिशवीत भरले आणि त्या निघून गेल्या. चार दिवसांनी भिंतीला पांढरा रंग लागला. मी रोज त्या भिंतीसमोरून आत जात होतो. त्या रविवारी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गेलो नाही. पुढच्याही नाही. ताईंचा दोनदा फोन आला. "कामात आसस काय?" मी हो म्हणालो. तिसऱ्यांदा फोन आला नाही. असे आठ महिने गेले…

ताई वारल्यावर तिसऱ्या रविवारी अक्कांनी खोली आवरायला बोलावलं. माडीवर शिवम्मा आणि आणखी सहा-सातजणी बसलेल्या. भिंतीवर जे होतं ते सगळं ताईंनी घरी पुठ्ठ्यांवर परत काढलं होतं, एकेक माणूस वेगळा. शिवम्मा ते पुठ्ठे एकेक करून उभे धरत होती. तिला गाणं येत नव्हतं, नुसतं नाव सांगत होती. वॉचमन झाला, डबेवाला झाला. मग तिनं एक पुठ्ठा धरला. चष्मा, पाठीला बॅग, मान खाली. मीच होतो. बाकीच्यांइतकाच उंच. फक्त त्या चेहऱ्यात डोळा भरलेला नव्हता, नुसती रेघ होती.

"हा तीनदा काढला," शिवम्मा हिंदीत म्हणाली. "दर वेळी म्हणायच्या, याचं अजून ऐकायचं राहिलंय."

मग मी सांगितलं. पुण्याहून कसा आलो ते, आणि त्या मीटिंगमध्ये काय बोललो, काय गिळलं तेही. माझ्या फुटक्या कानडीत, हिंदीत. अक्कांनी फक्त "सरी", बरं, म्हणून मान हलवली. कोणाचं सांगून झालं की ताई गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून कोरा पुठ्ठा काढून आणायच्या, ही त्यांची रीत. माझं सांगून झालं. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे बघत बसलो… कोणी उठलं नाही.