आबांचा प्रश्न: पहिले कोण?

धुळ्याच्या बसस्टँडवर माझे वडील, आबा, माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. भडगावहून इथवर सोबत आले. पुढे मी एकटी मुंबईला, तिथून पीएचडीसाठी जर्मनीला. आबांनी जन्मभर कापूस आणि केळी पिकवली. बस लागायला अवकाश होता.

"तठे नेमकं काय करशी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या मोठ्या वस्तीला दीर्घिका म्हणतात. तिच्या मधोमध एक राक्षसी कृष्णविवर असतं, जवळ येईल ते गिळणारं.

"मंग ते बठ्ठं गिळी टाकत नही?"

"सगळं नाही गिळत, आबा. दीर्घिकेपुढे ते लहानच. लांबच्या ताऱ्यांना त्याची ओढ जाणवतही नाही. तरी दीर्घिकेचा मधला फुगीर भाग जितका जड, त्या मानाने ते जड. जणू एकमेकांना विचारून वाढलेत."

"पहिले कोन व्हयनं? वस्ती का ते?"

"ते अजून कोणालाच ठाऊक नाही."

"मंग जाय," आबा म्हणाले. "शोधीसन सांग."

जर्मनीत गेल्यावर माझ्या बोलण्यात हळूहळू व्हिसा, सुपरवायझर, डेडलाइन आले. आबा मात्र दर रविवारी फोनवर एकच विचारत, "सापडनं का?" शेवटच्या वेळी मी म्हटलं, "आबा, नवा डेटा आलाय, घाईत आहे. पुढच्या रविवारी बोलू." ते तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी ते गेले, तेही मला उशिराच कळवलं. मी पोचले तेव्हा दहावाही उरकला होता. आई एवढंच म्हणाली, "त्यासनीच सांगेल व्हतं, पोरनं काम मोडू नका." वर्षभर मी तिच्यावर आणि भावावर चिडून होते. नंतर राग माझ्यावरच आला. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांना हे समजावायला नको.

त्याच डेटात फार दूरच्या, आणि प्रकाश पोचायला अब्जावधी वर्षं लागतात म्हणून बाल्यातच दिसणाऱ्या काही दीर्घिका निघाल्या. त्या एवढ्याशा, पण त्यांची कृष्णविवरं अपेक्षेपेक्षा कितीतरी जड. निदान त्यांच्यात तरी कृष्णविवरच आधी वाढलं असावं. मी सेमिनार दिला, लोकांनी कौतुक केलं. बाहेर येऊन आईला फोन लावला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"बरं शे, बाई. जेवनी का?" मग म्हणाली, "येवानी घाई नको करू. भडगावले आते आपलं कोन शे?"

ती भावाकडे धुळ्याला असते. भडगावचं घर बंद आहे. तरी कुठल्याही फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आला की मी भडगावच लिहिते. तिथे पाठवलेलं पत्र घ्यायला कोणी नाही, हे मला माहीत आहे.