अठरा किलोंची घट

चाकणला आमच्या कारखान्यात गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग तयार होतात. कच्चा माल पंचवीस किलोंच्या पिशव्यांमधून येतो. पांढुरका, गुळगुळीत, मसुरीएवढा दाणा. मी स्टोअर सांभाळतो. मशीनवर किती दाणा दिला आणि किती वजनाचे भाग परत आले, ही वजाबाकी महिन्याअखेर माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी ती जुळेना. दर महिन्याला अठरा किलो कमी. कधी सतरा, कधी एकोणीस, पण सरासरी अठरा.

मी शोध घेतला. दाणा सांडतोच, पिशवी फाडताना सांडतो, मशीनमध्ये ओतताना सांडतो. झाडलोट करणाऱ्या मावशी, खेडकडच्या, पन्नाशीच्या, तो झाडून, चाळून जिन्याखालच्या पोत्यात भरत आणि शनिवारी नाक्यावरच्या भंगारवाल्या चाचांना देत. त्यातून घरी भाजी जात असे. चार शनिवार मी ते पोतं गुपचूप काट्यावर ठेवलं. मिळून अठरा किलो भरलं. कागदावरची तूट आणि पोत्याचं वजन तंतोतंत जुळलं म्हणून मला तेव्हा आनंद झाला होता. आज त्या आनंदाची किळस येते. मी शेठना आकडे दाखवले. त्यांनी मावशींना गेटवर सगळ्या शिफ्टसमोर उभं करून चोर म्हटलं आणि संडास धुण्याच्या कामावर लावलं.

पुढच्या महिन्यात तूट अठरा किलोच आली.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. चोर सापडला होता, म्हणजे आता चोरी नव्हती. चोरी नाही, म्हणजे मग प्रक्रियेतली घट. तसा एक रकाना वहीत असतोच. त्यात अठरा लिहिले आणि वर्षभर लिहीत राहिलो. शेठ खूश होते, तपासणीला येणारे गिऱ्हाईक कंपनीचे साहेबही खूश होते. कारखान्याची जमीन लख्ख होती.

मे महिन्यात कोकणात मेहुणीकडे गेलो. सकाळी किनाऱ्यावर एक पंचविशीची मुलगी भरतीच्या रेषेवर गुडघे टेकून बसली होती. अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट वाळूवर ठेवायची, आतली बोटभर वाळू बादलीत घ्यायची, समुद्राचं पाणी ओतून ढवळायचं, तरंगेल ते चिमट्याने वेचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. आकडे लिहिणाऱ्या माणसापाशी माझे पाय थांबतात. ती समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. तिच्या बादलीत तरंगत होता तो माझा दाणा. आमच्या कारखान्यातला नव्हे, पण जात तीच. काही पांढरे, काही दातांसारखे पिवळे. पिवळे ते जास्त दिवस पाण्यात राहिलेले, असं तिने सांगितलं. दाणा पाण्यातलं विष अंगात ओढून घेतो, आणि मासे, पाखरं त्याला अंडी समजून गिळतात. तिच्याजवळच्या एका बाटलीत बांगड्यांच्या पोटातून काढलेले दाणे होते. आदल्या दिवशी आम्ही मेहुणीकडे बांगडेच खाल्ले होते.

काही दाणा जहाजांवरून पडतो, काही कारखान्यांतून नाल्यावाटे येतो, असं ती म्हणाली. मी तिला अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे चोरी होत होती, ती मी बंद केली. आता फक्त घट आहे. महिन्याला अठरा किलो."

"घट म्हणजे?"

"प्रक्रियेत कमी होतो तो."

"काका, प्लॅस्टिक काही सुकून हलकं होत नाही. तो दाणा कुठेतरी गेला असेलच ना?"

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वहीत लिहून घ्यायचं होतं.

कामावर परतलो त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी शेडच्या मागे गेलो. मावशींना झाडण्यावरून काढल्यापासून दोन माणसं जोरदार पाइप लावून जमीन धूत होती. पाणी शटरखालून गटारात, भिंतीच्या भोकातून नाल्यात. मी वर्षभर त्या पाण्याचा आवाज स्टोअरमध्ये बसून ऐकत होतो. नाल्याच्या वळणावर फेस, गुटख्याच्या पुड्या, तेलाची साय, आणि त्या सायीवर खरजेसारखा चिकटलेला आमचा दाणा. एक घूस मरून फुगली होती. तिच्या ओल्या केसांतही दाणे होते.

शंभर दाणे मोजून काट्यावर ठेवले. अडीच ग्रॅम. म्हणजे किलोला चाळीस हजार. बारा महिन्यांचे दोनशे सोळा किलो, म्हणजे शहाऐंशी लाख चाळीस हजार दाणे. चिंचवडला घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपलं पाणी कुठे कोकणात जातं? खरं होतं. हा नाला इंद्रायणीला, ती भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा पार पूर्वेच्या समुद्राला. काही दाणा वाटेत धरणाच्या गाळात अडकेल. मला क्षणभर बरं वाटलं. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या ताटात जातोय म्हणून बरं वाटलं, एवढी माझी लायकी.

शेठकडे गेलो. पाइप बंद करा, गटाराला जाळी लावा, मावशींना पुन्हा झाडायला द्या, एवढंच मागितलं. ते हसले. "समुद्र कुठं अन् चाकण कुठं, राव? कोकणातून माणसं काजू आणतात, तुम्ही हे आणलंत." जाळी मात्र लावली. तिसऱ्या दिवशी ती चिंध्यांनी आणि तेलाच्या राडीने तुंबली, पाणी उलटं आत आलं, आणि कोणीतरी ती उपटून भिंतीला टेकवून ठेवली. तपासणी तोंडावर होती, म्हणून पाइप सुरूच राहिला. मावशींचं तुम्हीच त्यांना विचारा, असं शेठ म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं. माझी चूक झाली, तुम्ही दाणा नेत होतात म्हणूनच तो नाल्यात जात नव्हता, परत न्यायला लागा, मी तसं लिहून देतो, असं म्हणालो. त्या फडकं पिळत होत्या.

"न्हाई साहेब. लेकीच्या सासरपत्तूर गेलं, आई चोर हाय म्हणून. तुमच्या लिहिण्यानंच गेलं न्हवं? आता तुमचं लिहिणं लांबच ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडे न बघता, "झाडायचं तर तुमी झाडा. झाडू तितं हाय."

पुढच्या सोमवारी गेटवर शिफ्टसमोर उभं राहून मी सांगितलं की मावशींनी चोरी केली नव्हती, हिशेब मी चुकीचा लावला होता. चहाची वेळ झाली होती, माणसं चहाला गेली. मावशी त्या दिवशी कामावर होत्या, पण गेटवर आल्या नाहीत.

तेव्हापासून पाइप लागण्याआधी अर्धा तास मी झाडतो. कंपनीची बस चुकते. पोरं म्हणतात, "चाचांकडं काय भाव लागला, साहेब?" दुसरा म्हणतो, "रिटायरमेंटची सोय चाललीय, भावा." महिन्याला चौदा किलो हाती लागतो. उरलेल्या चार किलोंसाठी मी 'घट' खोडून 'नाल्यात' असा रकाना केला. तो काढा म्हणून शेठनी दोनदा सांगितलं आहे. मी काढलेला नाही. त्यांनी अजून वही काढून घेतलेली नाही.

गेल्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नासाठी दोन दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी गटाराच्या काठाने दाण्यांची नवी पांढरी रेघ होती. मी बसून वेचायला लागलो. राडीतून दाणा नीट वेचता येत नाही, बोटांतून निसटतो. हातांना दिवसभर तेलाचा आणि कुजक्या पाण्याचा वास येत राहिला, डबा उघडला तरी जेवण गेलं नाही. संध्याकाळी वहीत लिहिलं: नाल्यात, सव्वा किलो, अंदाजे.